बाळाच्या नावाचा पुकारा

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. पत्राला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी मागतो. बाळ झाल्याचं तुला फोनवर कळलंच, पण मी मनाशी ठरवलं होतं की बाळाचं नाव लिहूनच सविस्तर पत्र टाकायचं. नाव ठरेना, म्हणून पत्र अडलं. आता बाळ मान धरायला लागलं (धरतं आणि सोडतं), तरी नाव नाही. तेव्हा म्हटलं, निदान न ठरल्याचं तरी कळवावं. तुझे गुडघे कसे आहेत? जिना उतरताना कठडा धरतेस ना? मागच्या वेळी तू "हो" म्हणालीस ते मला पटलं नव्हतं. माझी तब्येत बरी आहे. छातीत मधूनच धडधडतं, पण डॉक्टर म्हणाले, छाती सगळ्यांचीच धडधडते, थांबली तर या. अशा माणसाकडे परत कशाला जायचं?

बाळ तब्येतीनं उत्तम आहे. दिवसभर झोपतं. इतकं झोपतं की मी मधूनमधून नाकाजवळ बोट धरून बघतो आणि मग ते रडायला लागतं, आणि मग सूनबाई माझ्याकडे बघते. पण ते राहू दे. नावाचं सांगतो. आपल्या घरात एका नावासाठी इतकी माणसं कामाला लागतील असं मला वाटलं नव्हतं. विहीणबाईंनी (सूनबाईची आई, बाळंतपणासाठी आल्या आहेत, अजून आहेत) एक नाव आणलं. तळमजल्यावरच्या शिंप्यानं एक सुचवलं. चिरंजीवांचं एक वेगळंच होतं. सूनबाईचं रोज बदलायचं. मला कोणी विचारलं नाही, पण मी घरातच असल्यामुळे माझं मत पडत गेलं.

आता तू म्हणशील, चौथीत शाळा सोडलेल्या माणसाला नावातलं काय कळतं? पण ताई, कोर्टाच्या दारात उभं राहून नावं पुकारण्यात माझा जन्म गेला. आतून साहेबांनी खूण केली की मी बाहेर येऊन तीनदा पुकारा करायचा, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट आणि आडनावासकट, शेवटी "हजर आहे काऽऽ". नाव कागदावर कसंही दिसो, ते व्हरांड्याच्या टोकाला चहा पीत बसलेल्या माणसापर्यंत पोचलं पाहिजे. काही नावं दारातून निघतात आणि बाकापर्यंतच दम तोडतात. मग तो माणूस चहा पीत राहतो आणि आत त्याच्याविरुद्ध निकाल होतो. म्हणून मी म्हटलं, आपण नाव जिन्यात पुकारून बघू. उद्या हे पोर खाली खेळणार आणि याला जेवायला वर बोलवावं लागणार, तेव्हा जिना हाच त्याचा व्हरांडा.

पहिलं विहीणबाईंचं नाव घेतलं. तिसऱ्या मजल्यावर कठड्याला टेकून उभा राहिलो आणि पुकारा केला. (निवृत्त होऊन एवढी वर्षं झाली, पण आवाज आहे तसाच आहे, हे तुझ्या कानावर घालतो.) सगळ्या मजल्यांची दारं उघडली. शिंपी गळ्यात टेप घेऊन धापा टाकत वर आला आणि मागून आणखी दोघांना घेऊन आला. "काय केलं पोरानं?" म्हणाला. पुकाऱ्यात बापाचं नाव ऐकून त्याला वाटलं चिरंजीवांवर काही आळ आलाय. मी म्हटलं, "काही नाही, झोपलाय." "म्हणजे अटक नाही ना? मी आपला जामीन राहायला आलो." हे दोघं कोण विचारलं, तर म्हणाला, माझा जामीन कमी पडला तर. माणूस सोन्यासारखा आहे, पण विहीणबाईंनी त्या दिवसापासून जिन्याचं दार लावून ठेवायला सुरुवात केली.

आवाज चांगला पोचला होता, पण ते नाव मी पुकारत असतानाच मला आठवलं की हे नाव मी पूर्वी पुकारलेलं आहे. त्या नावाच्या माणसाच्या दोन बायका एकाच तारखेला आल्या होत्या आणि तोवर एकीला दुसरी माहीत नव्हती. मी हे जेवताना सांगितलं. विहीणबाई म्हणाल्या, "त्याचा आमच्या नातवाशी काय संबंध?" संबंध काही नाही, पण मनात एकदा आलं की आलं. शिंप्यानं सुचवलेलं नाव तर फरारी आरोपीचं निघालं. त्याला मी वर्षानुवर्षं पुकारलं, तो एकदाही आला नाही. म्हणजे हा जेवायला तरी येईल का? सूनबाईची नावं दीड अक्षराची असायची, तोंड उघडेपर्यंत संपायची, आणि एक तर खोकल्याच्या औषधासारखं होतं. चिरंजीवांचं नाव मात्र भारदस्त होतं, पण ते आमच्या मोठ्या साहेबांचं. त्यांच्यासमोर मी कधी बसलो नाही. उद्या त्याच नावाला दुपट्यात गुंडाळून मांडीवर कसं घ्यायचं, आणि त्यानं मांडी ओली केली तर बोलायचं काय?

शेवटी परवा चिरंजीव ऑफिसातून आले, बूट न काढताच माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "बाबा, पुढच्या आठवड्यात नोंदणी कार्यालयात नाव द्यायचंय. आता तुम्हीच सांगा. तुमच्या कोर्टात आजवर कधीच न पुकारलेलं एक नाव सांगा, डोळे मिटून तेच ठेवतो." सूनबाई आतून म्हणाली, "असं नाव असेल तर ना." विहीणबाई हसल्या. (हसू देत.) तेव्हापासून मी खिडकीशी बसून नावं आठवतोय. जे आठवतं ते कुठल्यातरी खटल्यासकट आठवतं. नुसतं, स्वच्छ, खटला न चिकटलेलं नाव सापडत नाही. पोराला पुढच्या आठवड्यात नाव मिळालं नाही तर ते माझ्यामुळे, हे घरात कोणी बोलत नाही, पण आमटी वाढताना कळतं.

बाकी सर्व ठीक. प्रकृतीला जप. शेगडी बंद केल्यावर बटण एकदा परत बघत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. वरचा मजकूर सूनबाईनं तपासून दिला आहे. इथून पुढचा मी खाली शिंप्याच्या इस्त्रीच्या टेबलावर लिहितोय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घे. ताई, नाव सापडलंय, आणि ते अजून मी घरात सांगितलेलं नाही. आपल्या भावोजींचं. ते कोर्टाची पायरी कधी चढले नाहीत. शेजाऱ्यानं त्यांच्या घड्याळ दुरुस्तीच्या दुकानाची अर्धी पायरी बळकावली, तर ते उरलेल्या अर्ध्या पायरीवरून गेले आले, आणि तू वर्षभर त्यांना बोल लावत होतीस. तरी खात्रीसाठी विचारतो, तुमच्या लग्नाआधी त्यांच्यावर काही खटलाबिटला नव्हता ना? असेल तर आत्ताच सांग, मी कोणाला सांगणार नाही.

ता. क. दुसरा. खटल्याचं उगाच विचारलं. मला माहीत आहे, नव्हता. विचारायचं होतं ते वेगळंच. भावोजी जाऊन अजून फार दिवस झालेले नाहीत. तू इथे राहायला येशील (ये, तुझी खोली झाडून ठेवली आहे), तेव्हा दिवसभर ते नाव घरात कानावर पडेल. अंघोळीला, दुधाला, ओरडताना. तुला ते सोसेल का? सोसणार नसेल तर मी घरात तोंड उघडणार नाही, आमटी कशीही वाढू देत. काल घरात बाळ आणि मी दोघंच होतो, तेव्हा ते नाव मी जिन्यात पुकारलं. एकदाच, आणि हळू. असा हळू पुकारा मी उभ्या नोकरीत केला नव्हता. बाळानं जांभई दिली, म्हणजे त्याच्याकडून हरकत आलेली नाही. शिंप्यानं मात्र खालून विचारलं, "आता कोणाला बोलावलंत?" मी म्हटलं, आमच्या भावोजींना. तो म्हणाला, "येणार आहेत का?" मी म्हटलं, ते ताईच्या हातात आहे.

ता. क. शेवटचा. पाकीट चिकटवताना लक्षात आलं की तू त्यांना जन्मभर "अहो" म्हणालीस. ते नाव तुझ्या तोंडून मी एकदाही ऐकलेलं नाही. आता बाळाला हाक मारायची म्हणजे तुला ते घ्यावं लागणार. जमलं नाही तर सुरुवातीला त्यालाही "अहो" म्हण, तो काही बोलणार नाही. पण हो की नाही, एवढं मात्र नोंदणीच्या आत कळव. फोन केलास तरी चालेल, दुपारी कर, तेव्हा विहीणबाई झोपलेल्या असतात आणि फोन मीच उचलतो.