फ्लॅश मी बंद केला होता

अण्णा, फ्लॅश मी बंद केला होता. हे मी तुम्हाला एकदा सांगितलं होतं, वीस-पंचवीस माणसांसमोर, आणि तुम्ही ते ऐकून घेतलं नाही. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर मी हे लिहायला बसले आहे, कारण काल दादाची मुलगी आली होती. तिला छोटा डिजिटल कॅमेरा घ्यायचाय, स्वस्तातला, शिकण्यापुरता. फोनवर चांगले फोटो येतात की, असं मी म्हणाले, तर म्हणाली, "आत्या, फोन सगळं स्वतःच करतो गं. मला स्वतः चुकायचंय." मग तिने विचारलं, पहिल्यांदा घेताना काय काय बघायचं? मी म्हणाले, काहीच घेऊ नको. माझा आवाज चढला होता. ती बिचारी चहा पिऊन निघून गेली. मुलगी जेवढी रुसली त्याहून जास्त राग माझा मलाच आला, आणि रात्रभर विचार करून लक्षात आलं की तो राग तुमच्यावरचा आहे.

मी तो कॅमेरा घेतला तेव्हा कंपनीत लागून वर्षही झालं नव्हतं. पैठण गेटजवळच्या दुकानात काचेमागे होता, साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा, चंदेरी. दुकानदार म्हणाले, "सीखने के वास्ते येइच भौत है, आपा. सीख गए तो बड़ा लेने कू आना. नहीं सीखे तो किसी की शादी में दे देना." मी हसले आणि घेतला. महागाच्या कॅमेऱ्यांना स्वतःची बॅटरी असते, याला साधे दोन पेन्सिल सेल लागायचे, आणि ते फार लवकर संपायचे. पण बाकी सगळं होतं. बटण अर्धं दाबून धरायचं, पडद्यावरचा चौकोन हिरवा झाला की उरलेलं अर्धं दाबायचं. हे अर्धं दाबून थांबणं मला आवडलं होतं. मी बोलण्यातही तशीच आहे, असं आई म्हणायची.

ती दोन वर्षं दुष्काळाची होती. बायपासपलीकडे नवीन प्लॉटिंगमध्ये आपण घर बांधलं, नळाची पाइपलाइन येणार म्हणून सांगितलं होतं, ती आली नाही. आठ दिवसांनी टँकर. तुम्ही लेणीवर पहारेकरी, सोमवारी लेणी बंद असतात म्हणून घरी यायचात, आणि बाकीचे दिवस फर्दापूरच्या खोलीवर. त्यामुळे टँकर आला की आई आणि मी. पाइप धरायचं काम आईचं, भांडणाचं कामही आईचंच, ड्रम सरकवायचं माझं. ड्रम भरेपर्यंत मी फोटो काढायचे. आपल्या कोपऱ्यावर एका नव्या इमारतीचा मोठा बोर्ड लागला होता, त्यात निळाशार पोहण्याचा तलाव आणि काठावर हसणारं कुटुंब, आणि त्याच्या बरोबर खाली घागरी-ड्रमांची रांग. तो फोटो मी चार दिवस काढत होते. सकाळी बोर्ड काळा यायचा, दुपारी बायका काळ्या यायच्या. शेवटी संध्याकाळी जमला. सोमवारी तुम्हाला दाखवला, तेव्हा तुम्ही चष्मा लावून त्या एवढ्याशा पडद्याकडे कितीतरी वेळ बघत होतात. मग म्हणालात, "उजेडाचं कळतंय तुला. ये रविवारी लेनीवर. दाखवतो उजेड काय आस्तो ते."

तुमच्याकडून मला मिळालेली शाबासकी तेवढीच, आणि ती मी अजून विसरलेले नाही, हेही लिहून ठेवते. तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा लेणीच्या दारात आरसा धरून ऊन आत पाठवायचात, आत पांढरी चादर धरलेला दुसरा माणूस ते भिंतीवर पसरायचा. पुढे दिवे आले, आरसा गेला, तुमच्या हातात टॉर्च आली. तरी कुठल्या लेणीत कुठल्या वेळी ऊन किती आत येतं, हे तुम्हाला घड्याळ न बघता माहीत होतं.

मी पहाटेच्या एसटीने आले. वाघूर नुसती दगडांची होती. तुम्ही खाली उभे होतात, इस्त्रीचा गणवेश, आणि तुमच्याबरोबर लेणीवर ड्यूटी करणारे चाचा. चाचा म्हणाले, "आठ दिन से सुन रहे हम, बेटी आ रही, बेटी आ रही. हमारे तो कान पक गए." तुम्ही उगीच रागावल्यासारखं केलंत. लेणीच्या पायरीशी पोचलो आणि माझा कॅमेरा बंद पडला. सेल संपले. मी जवळ दुसरे आणले नव्हते. तुम्ही म्हणालात, "हात्तिच्या, एवढंच व्हय?" आणि टॉर्च उघडून त्यातले दोन पेन्सिल सेल काढलेत, सदऱ्याच्या टोकाला पुसलेत आणि स्वतःच्या हाताने माझ्या कॅमेऱ्यात घातलेत. कॅमेऱ्याने तारीख विचारली. मी घाईत बटण दाबून पुढे गेले. ऊन आत यायची वेळ झाली होती.

फ्लॅश मी घरूनच बंद करून निघाले होते. पडद्यावर त्या विजेच्या खुणेवर आडवी रेघ आलेली मी दोनदा पाहिली होती. तुमची मुलगी आहे मी, लेणीत फ्लॅश चालत नाही हे मला अक्षरओळखीच्या आधीपासून माहीत आहे. आत जळगावकडची मंडळी होती, तुम्ही त्यांना दोरीच्या मागे उभं करत होतात. उन्हाची पट्टी खांबाच्या पायाशी आली होती. मी बटण अर्धं दाबलं, थांबले, चौकोन हिरवा झाला, पूर्ण दाबलं. आणि सगळी भिंत एका क्षणात पांढरी झाली.

तुम्ही गर्दीतून आलात. ड्यूटीवर तुम्ही शुद्ध मराठी बोलायचात, घरी कधी बोलला नाहीत असं. तुम्ही हात पुढे केलात आणि म्हणालात, "बाई, बाहेर पाटी लावलेली आहे. वाचता येत नाही का तुम्हाला?"

बाई. तुम्हाला.

मी म्हणाले, "अण्णा, मी बंद केला होता." तुम्ही म्हणालात, "खोटं बोलू नका. द्या तो इकडे." आणि माझ्या मनगटातली दोरी ओढून कॅमेरा घेतलात. मागून एक बाई म्हणाली, "शिकल्यासवरल्या दिसतात तरी बघा." चाचा मध्ये पडले, "अरे छोडो ना, बच्ची है अपनी." त्यांना तुम्ही म्हणालात, "नियम सगळ्यांना एक." त्या मंडळींनी मान डोलावली. कुणीतरी म्हणालं, असा माणूस पाहिजे.

भिंतीवरच्या चित्रांचा रंग उडतो, एकेका फ्लॅशने उडतो, हे तुम्ही मला लहानपणी समजावलं होतं. रागावण्याबद्दल माझी तक्रार नाही, अण्णा. हात धरून बाहेर काढलं असतंत तरी चाललं असतं. पण मी तुमच्याशी कधी खोटं बोलले होते? एक तरी वेळ सांगा. दहावीचे कमी मार्कसुद्धा मीच येऊन सांगितले होते. बावीस वर्षं ज्या मुलीला बघितलं तिच्यापेक्षा एका क्षणाचा उजेड तुम्हाला खरा वाटला, आणि तोसुद्धा ज्यांचं पुन्हा कधी तोंड बघायचं नव्हतं अशा लोकांसमोर.

मी बाहेर पायरीवर बसून राहिले. कॅमेरा तुमच्या खिशात होता, परत कशी जाणार? दुपारी एक मोठे पाहुणे आले, सोबत तुमचे साहेब, मागे आणखी पाच-सहा जण. सगळे बुटांसकट वर आले, मग दारात काढले. तुम्ही टॉर्च घेऊन पुढे झालात. टॉर्च चाचांची होती, कारण तुमचे सेल माझ्या कॅमेऱ्यात होते. मला आतलं दिसत नव्हतं, पण लेणीच्या दारातून उजेड बाहेर फुटला. मग पुन्हा. मग पुन्हा. पाचव्यांदा फुटल्यावर मी उठून दाराशी आले. पाहुण्यांचा मुलगा दोरीच्या आत उभा होता, आणि तुम्ही टॉर्च धरून त्याला म्हणत होतात, "जरा या बाजूने घ्या साहेब, चेहरा नीट येईल." तुम्ही मला पाहिलंत. टॉर्चचा ठिपका जरासुद्धा हलला नाही.

संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर तुम्ही कॅमेरा परत दिलात. हलका लागला. सेल काढून घेतले होते. मी विचारलं, "आणि त्यांना?" तुम्ही रस्त्याकडे बघत म्हणालात, "त्यायला काय बोलनार? तुला नाय बोललो तर कुनाला बोलू मी?"

हे मी अनेक वर्षं तुमच्या बाजूने लावून पाहिलं. नोकरी होती, साहेब होते, मान खाली घालून जगलेल्या माणसाला कुठेतरी ताठ व्हायचं होतं. पण मग तुम्ही माझ्यावर ताठ झालात ना. मला हे कळतं, आणि कळूनही ते मला पटत नाही. ज्याला बोलता येतं त्यालाच बोलायचं, याला नियम म्हणत नाहीत.

त्या सोमवारी जेवताना आई भाकरी थापता थापता म्हणाली, "ती म्हनती बंद केला व्हता. इचारा तर खरं तिला नीट." तुम्ही ताटातून मान वर न करता म्हणालात, "यंत्र काय मनानं चालू व्हतं व्हय?" आई म्हणाली, "यंत्राची बाजू लई घेताय. पोटची पोर यंत्र न्हाई म्हून का?" तुम्ही हात धुवायला उठलात. पाणी बेतानेच वापरलंत, टँकर गुरुवारी येणार होता.

मी फोटो काढणं सोडलं. कुणी सोडायला सांगितलं नव्हतं, आणि मी जाहीरही केलं नाही. टँकर यायचे, मी ड्रम सरकवायचे, हात मोकळे असले तरी मोकळेच ठेवायचे. पुढे पाऊस झाला. बोर्डावरची इमारत पूर्ण झाली, तिथेही टँकरच येऊ लागले. बिडकीनकडे कारखान्यांसाठी जमिनी मोजल्या गेल्या, आपल्या मागच्या माळावर घरं उठली, रिकामं असं काही उरलं नाही. हे सगळं होताना मी रोज कंपनीच्या बसच्या खिडकीतून पाहिलं आणि एकाही गोष्टीचा फोटो माझ्याकडे नाही. त्याचं वाईट मला आता वाटतं, तेव्हा वाटत नव्हतं.

तुम्ही निवृत्त होऊन घरी आलात त्यानंतरची गोष्ट. दादाच्या मुलीचं बारसं होतं, फोटोवाला आला नाही, म्हणून आईने तो कॅमेरा काढून दिला. मी नवीन सेल घातले. त्याने तारीख विचारली. आणि पडद्यावर विजेची खूण आली, तिच्यावर रेघ नव्हती. मी रेघ आणली, कॅमेरा बंद करून चालू केला, रेघ तशीच होती. मग सेल काढले, दहा मिनिटं तसाच ठेवला, पुन्हा घातले. तारीख, आणि फ्लॅश चालू. असं मी तीनदा केलं. बाहेर पाळणा म्हणायला बायका खोळंबल्या होत्या. सेल निघाले की तो स्वस्तातला कॅमेरा सगळं विसरायचा, तुम्ही दिलेल्या सेलनेही तेच झालं होतं. मी खरं बोलले होते याचा पुरावा माझ्या हातात होता आणि तुम्ही शेजारच्या खोलीत पाहुण्यांना पानं वाढत होतात.

मी तुम्हाला सांगितलं नाही. त्यानंतर तुम्ही दोन वर्षं होतात.

त्या दोन वर्षांबद्दल मी स्वतःला असं समजावत आले की तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून गप्प राहिले. तुमचेच सेल, तुमचाच हात, म्हाताऱ्या माणसाला कशाला टोचायचं. ऐकायला हे बरं वाटतं. पण एक दिवस गच्चीवर आपण दोघंच होतो, मी वाळवण उलटत होते, तुम्ही कावळे हाकलत होतात. तुम्ही एकदम विचारलंत, "त्या दिवशी तू खरंच बंद केला व्हतास का गं?" कुठला दिवस, काय बंद, काही सांगावं लागलं नाही. म्हणजे तुम्हीही इतकी वर्षं ते धरून बसला होतात. तुमच्या चेहऱ्याकडे बघून कळत होतं की मी नुसतं हो म्हटलं तरी पुरे होतं, या वेळी तुम्ही ऐकलं असतंत.

मी म्हणाले, "आठवत नाही, अण्णा."

मला सगळं आठवत होतं. तुम्हाला कळू नये, कधीच कळू नये, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि मी पुढची कुरडई उलटवली. तुमच्याशी मी खोटं बोलले ते तेव्हा.