शकूचं लुगडं

१४ नोव्हेंबर १९४९, सोमवार

नाही म्हणजे नाही! यंदाही आपल्या पोरीचं, शकूचं, नाव शाळेत घालायला माझा दीर गोविंदा तयार नाही. पोरगी मिठागरात पाहिजे म्हणे, वाफे तुडवायला. पाणी सोडायच्या आधी वाफ्याचा चिखल पायांनी थापून गच्च करायचा. मोठ्याची टाच रुतते, पोरांची हलकी पावलं बरी पडतात. सगळ्या बाळकुमात असंच चालत आलंय. माझे पाय त्यातच फाटले.

म्हटलं, अरे, आता कायदा झालाय! सात ते अकराचं पोर शाळेत गेलंच पाहिजे. फी नाही, काही नाही. नाही पाठवलं तर दंड.

तर गोविंदा मला म्हणतो, "वैनी, कायदा मीठ पिकवतो काय?"

१६ नोव्हेंबर

आज हजेरीवाले साहेब घरोघर फिरले, शाळेत न येणारी पोरं शोधत. गोविंदाला आधीच कुणकुण लागलेली. त्याच्या बायकोने, मंजुळेने, शकूला माझंच जुनं लुगडं नेसवलं. अंबाडा काय, डोक्यावर पदर काय! चुलीशी नेऊन बसवली.

"साहेब, बारा सरून तेरावं लागलं तिला."

जन्माची नोंद आहे कुणाकडे? साहेबांनी वाकून पाहिलं, मान हलवली, गेले.

नऊ वर्षांची पोर ती! नाळ मी पुरली तिची. पण विधवा बाई मी. दिराला परक्यासमोर खोटं पाडायचं आणि मग त्याच्याच घरात राहायचं कसं? साहेब गेल्यावर शकू उठली ती निऱ्यांत पाय अडकून आपटली. मंजुळा हसली. मला नाही हसू आलं.

१७ नोव्हेंबर

भरतीची होडी धरून कोपरला गेले, आवडाबाईकडे. मावसबहीण माझी. तिला म्हटलं, गोविंदाने पोर मोठी केलीय ना — मग मोठ्या पोरीचं जे होतं ते होऊ दे! आधी घाबरली. मग तोंडाला पदर लावून हसत सुटली. "ठमे, तू काय सरळ मरायची नाहीस!"

२० नोव्हेंबर, रविवार

आले! आवडाबाई आणि तिचा दीर दामाजी. बिजवर, चाळिशीचा, मिशीला तेल चोपडून. शिमग्याला सोंगं काढतो, तसंच आजचं सोंग.

दामाजी म्हणतो, "ऐकलं, तुमची पोरगी लग्नाची हाय. तेरावं म्हणजे उशीरच झाला की!"

गोविंदा पांढराफटक. "नाय हो, लहान हाय. नऊची."

"साहेबापुढं तेरा न् आमच्यापुढं नऊ? आमचं घर हलकं वाटलं काय?"

मंजुळा रडायला लागली. सगळी आळी दारात जमलेली. दामाजीने मांडी ठोकून चहा मागितला, वर आणखी एक कप — मेला!

"वैनी, तू तरी सांग ना यांना!"

म्हटलं, मी काय सांगू? बाप तू. नऊची असती तर शाळेत नसती काय?

२१ नोव्हेंबर

तोंड धुतलं न धुतलं तोच गोविंदा शकूचा हात धरून शाळेत! मी मागोमाग, आळीतली दोन-चार माणसंही. मास्तरांना म्हणतो, "नऊ लिहा. या चौघांदेखत लिहा."

मास्तर म्हणाले, "लिहितो. पण नऊ म्हणजे कायद्यात बसली. आता रोज आली पाहिजे."

मान खाली घालून हो म्हणाला. मंजुळेला माझा संशय आलाय. येऊ दे! वाफे मी तुडवीन. टाच रुतली तर रुतली.

१२ डिसेंबर

शकूने आज पाटीवर स्वतःचं नाव काढलं. मग विचारते, "काकी, तू दुसरीतूनच शाळा का सोडलीस?"

मलाही दहाव्या वर्षी लुगडं नेसवलेलं. तेव्हाचे पाहुणे खरे होते.