सागाच्या फळीवरची पाणबुडी

रत्नागिरी, वैशाख, बुधवार संध्याकाळ, १९३१

शिडाचे मचवे बांधणाऱ्या दादू मिस्त्रींकडचं काम गेलं. माझ्याच हाताने घालवलं.

वाचनालयातल्या विलायती साप्ताहिकात एका पाणबुडीचं चित्र पाहिलं. तिच्या पाठीवर लोखंडी खोली आणि खोलीत पंख मिटलेलं विमान! पाणबुडी वर येते, खोलीचं दार उघडतं, विमान उडून जातं. मिस्त्रींना सांगितल्याशिवाय राहवेना. समोरच्या सागाच्या फळीवर कोळशाने काढूनच दाखवली.

मिस्त्री हसले. "आणि दार उघडं असताना लाट आली तर रे?"

मला वाटलं, एवढ्या मोठ्या साहेबांनी त्या दाराचा विचार केला नसेल?

पण मिस्त्री कागदावर नकाशा काढत नाहीत, फळीवरच कोळशाची रेघ मारतात. मी जेवायला गेलो तेवढ्यात करवतवाल्यांनी माझ्या पाणबुडीच्या पाठीची रेघ ही मिस्त्रींचीच खूण समजून करवत चालवली. फळी चार बोटं अरुंद झाली. मचव्याला ती आता बसायची नाही.

"चित्र पुसायचं नाय काय, मेल्या?" मिस्त्री म्हणाले. आणि मग, "उद्यापासून येऊ नको." शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुसायला हवं होतं. मी जेवतानासुद्धा त्या दाराचाच विचार करत होतो.

आई काही विचारणार नाही. आधीची चार कामं मी सोडली तेव्हाही तिने विचारलं नव्हतं. हे एकच मला टिकवायचं होतं, आणि तेही तिला त्या चारांसारखंच दिसणार.