पूर्व वर असलेला नकाशा

नाना,

आज पाडवा. सकाळी पणतीच्या पाटीची पूजा केली, कडुनिंबाचा पाला आणि गुळाचा खडा तिच्या तळहातावर ठेवला आणि तिच्या नव्या वर्षाच्या भूगोलाला आरंभ केला. नातवाने आणि नातसुनेने तिला शाळेतून काढून घरीच शिकवायचे ठरवले आहे. गणित आई घेते, इंग्रजी बाप घेतो. पृथ्वीचा भूगोल मात्र पणजीने सांगावा, आणि आपल्या धर्माला धरून सांगावा, असे दोघांनी मला फार आदराने विनवले. मी होकार दिला. उमरग्याच्या या सिमेंटच्या घरात मला कोणी विचारणारे नव्हते की बाई, तुझा स्वतःचा भूगोल कुठे थांबला होता. म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

अणदूरचे आपले अंगण मला अजून वीतभर न चुकता आखता येईल. तेव्हा निजामाचे राज्य होते. सरकारी शाळेला सगळे मदरसाच म्हणत, तिथे सारे शिक्षण उर्दूतून चाले, आणि मुलींपैकी तिथे जाई ती एकटी, आपल्या शेजारच्या मास्तरांची लेक. मला तुम्ही घरीच शिकवत होता. तुम्ही पुराणिक, तुमच्यापाशी जे होते तेच लेकीला दिलेत. वर्षाचा पहिला पाठ पाडव्याला. सकाळी गावकरी पंचांग ऐकायला येतात, पाऊसपाणी ऐकून घेतात, आणि वाचन संपले तरी उठत नाहीत, कारण पुढे माझा पाठ असतो. सारवलेल्या अंगणात तुम्ही रांगोळीने सात वेढे काढता. पहिला खारट पाण्याचा समुद्र, मग उसाच्या रसाचा, मद्याचा, तुपाचा, दह्याचा, दुधाचा, आणि सर्वांत बाहेर गोड्या पाण्याचा. मधोमध मेरू म्हणून सुपारी. तिच्याजवळ मला पूर्वेकडे तोंड करून उभी करता आणि विचारता, "सांग बाळ, तू कुठं उभी आहेस?" मी संकल्प म्हणू लागते. जंबुद्वीपे, भरतवर्षे, दंडकारण्ये, गोदावरीच्या दक्षिण तीरावर. एवढ्या अफाट सृष्टीतून एकेक पायरी उतरत मी आपल्या उंबऱ्यापाशी येऊन पोचते. देवापुढे काही मागण्याआधी आपण कुठे उभे आहोत ते त्याला सांगावे, असे तुम्ही म्हणत होता.

मास्तर दरवर्षी कुंपणापाशी उभे राहून ऐकत. "नाना, तुमचा दुधाचा समुंदर आमच्या म्हशीला दाखवा की. पाक आटली वो ती."

"शाकद्वीपात नेऊन बांधा, मास्तर. दुधाच्या काठावर."

"आन् धार काढायला रोज कोण जाईल? तुम्ही?"

अंगण हसे. त्या हसण्यात तुम्हीही असायचा.

मी अकरा वर्षांची झाले त्या वर्षी पाडव्याच्या आधी मास्तरांच्या लेकीने मला त्यांच्या ओसरीवर मदरशातला जगाचा नकाशा दाखवला. निळे पाणी सगळीकडे एकच. तिने विचारले, "ह्यात तुझ्या नानांचा दह्याचा समुंदर कुठाय गं? का कढी करून प्यालात समदी?" ती सहज बोलली होती. मला मात्र ते काट्यासारखे रुतले, आणि तो काटा मी तिच्यावर न उगारता तुमच्यासाठी जपून ठेवला.

पाडव्याला तुम्ही सात वेढे काढलेत. तुम्ही विचारलेत, मी कुठे उभी आहे. आणि मी भरल्या अंगणात म्हणाले, "अणदुरात. बाकी तुमचं सगळं खोटं आहे. दह्याचा समुद्र कुठंच नसतो. मदरशातल्या पोरांनासुद्धा ठाऊक आहे." कोणीतरी हसले. पाटील म्हणाले, "नाना, पोरगी लई शानी झाली की तुमची!" मला वाटले तुम्ही रागवाल. ज्या वेढ्यांवर चुकून पाऊल पडले तर नमस्कार करायला लावत होता, ते तुम्ही वाकून आपल्या उपरण्याने पुसलेत, बाहेरच्या वेढ्यापासून आत येत. सुपारी उचलून कनवटीला लावलीत. "तुझं खरं असेल," एवढेच म्हणालात आणि आत गेलात. त्यानंतर व्याकरण चालले, स्तोत्रे चालली. भूगोलाचे नाव तुम्ही काढले नाहीत. मी विजयी मुद्रेने हिंडत होते, नाना. क्षमा मागण्याची गोष्ट माझ्या मनाच्या आसपासही फिरकली नव्हती.

श्रावणात तुम्ही पुराण सांगायला सास्तूरला गेलात आणि तापाने फणफणून बैलगाडीत आडवे होऊन परत आलात. चौथ्या दिवशी संपले सारे. त्या चार दिवसांत मी तुमच्या कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवल्या, पाय चेपले, आणि त्या पाडव्याबद्दल बोलायचे ते पुढे ढकलले. तुम्ही बरे व्हाल हे मी गृहीत धरले होते.

तेराव्यानंतर आईने तुमच्या पोथ्या उन्हात घालायला काढल्या. पुराणाच्या तांबड्या रुमालात एक मोठी घडी निघाली. जुन्या पंचांगांची पाठकोरी पाने खळीने चिकटवून त्यावर बोरूने काढलेला जगाचा नकाशा होता. अक्षर तुमचे. देशांची नावे देवनागरीत, फक्त मक्केच्या जागी मास्तरांच्या हातची उर्दू अक्षरे. भोवतीच्या सगळ्या पाण्यावर तुम्ही लिहिले होते, "लवणसमुद्र". आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत, "पहिला सापडला. उरलेल्या सहांविषयी मुलीस विचारणे."

मी तो घेऊन मास्तरांकडे धावले. त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "पाडव्यापासून रोज दुपारी येत होते. म्हणले, पोरगी बरोबर बोलली मास्तर, मला शिकवा. म्या म्हणलं, नाना, तुमच्या लेकीला सांगतो की मी. तर न्हाय म्हणले. पुढच्या पाडव्याला अंगणात मांडीन, तवाच बघू दे तिला."

त्या नकाशात पूर्व वर होती. हिमालय डावीकडे, लंका उजवीकडे, आपला देश एका कुशीवर निजलेला. मी म्हटले, हा आडवा का? मास्तर म्हणाले, "म्या बी तेच सांगितलं. उत्तर वर असती म्हणलं. ऐकलं न्हाय त्यांनी." माझी समजूत झाली की वडिलांनी एवढी धडपड केली आणि तरीही चुकलेच. ती लाज मी लग्नात सासरी घेऊन गेले. कोणी नकाशाविषयी विचारले तर म्हणत असे, शेजारच्या मास्तरांनी दिला होता. वेदान्त वाचला, उपनिषदांवर लोकांपुढे बोलले, लोकांनी पायांवर डोकी ठेवली, तरी हे वाक्य बदलले नाही.

आज मी तो नकाशा पणतीपुढे जमिनीवर पसरला. पोर पूर्वेकडे तोंड करून बसली होती. पाठाला तसेच बसतात, तेवढे मी तिला शिकवले आहे. तिने तो फिरवायला हात घातला, मग थांबली. डावा हात लांबवून म्हणाली, "काशी इकडं." उजवा हात लांबवून, "रामेश्वर इकडं." मग मान वळवून पाठीमागे पाहिले. "सोलापूर माझ्या मागं, मक्का त्याच्याही मागं. पणजी, हा आडवा नाही. आपण बसलोय तसाच मांडलाय!"

नाना, सात वर्षांच्या पोरीने जे क्षणात पाहिले ते मी उभ्या जन्मात पाहिले नाही. पूर्वेकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या एका मुलीसाठी तुम्ही सारी पृथ्वी फिरवून ठेवली होती, म्हणजे तिने जिकडे बोट दाखवावे तिकडेच तो देश खरोखर असावा.

तिने विचारले, "कुणी काढला गं हा?"

आणि आज, एवढे समजल्यानंतरही, माझ्या तोंडून निघाले, "शेजारच्या मास्तरांनी." नकाशाची लाज आता उरलेली नाही. तुमचे नाव घेतले असते तर पोरीने पुढचे विचारले असते, त्यांनी तुला तो कसा शिकवला, अंगणात मांडून? मग त्या पाडव्याला मी काय बोलले तेही सांगावे लागले असते. हे पत्र मी तुमच्या त्या तांबड्या रुमालातच ठेवते आहे.