मालक चुकत नाहीत

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे. गुडघा पूर्वीइतकाच दुखतो, म्हणजे प्रगती नाही आणि अधोगतीही नाही. तुझा खोकला कसा आहे? भाचीला म्हणावं, आईला गार पाणी पिऊ देऊ नकोस. आणि तू तिचं ऐक, माझी पत्रं पुढे करून तिच्याशी भांडत बसू नकोस.

बातमी तुला पेपरातून कळलीच आहे. आपल्या जुन्या नाट्यगृहाला आपल्या नाटक कंपनीच्या मालकांचं नाव देणार. पंचवीस तारखेला, दुपारी चार वाजता. मालकांना जाऊन नऊ वर्षं झाली आणि समिती नऊ वर्षं एवढंच ठरवत होती, की नाव नाट्यगृहाला द्यायचं, चौकाला द्यायचं की पुरस्काराला. शेवटी भांडण मिटावं म्हणून नाट्यगृहालाही दिलं आणि पुरस्कारालाही. चौक तेवढा वाचला. इमारतीला बाहेरून रंग दिलाय, दारावर हातभर उंचीची पितळी अक्षरं बसवलीत. आत मेकअपच्या खोलीतला नळ अजून गळतो आणि तिसऱ्या रांगेतल्या खुर्च्या अजून माणसाला चिमटे काढतात. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

दुसरी बातमी मी सांगणार नव्हतो, पण तीही छापून आली म्हणून तुझा फोन आला. पडद्यामागच्या माणसासाठी मालकांच्या नावाचा पहिला पुरस्कार मला मिळतोय. एकोणतीस वर्षं विंगेतल्या स्टुलावर नाटकाचं बाड मांडीवर घेऊन बसलो, आणि मालकांसाठी एकदाही तोंड उघडावं लागलं नाही, त्याचं हे बक्षीस. गप्प बसल्याबद्दल जाहीर सत्कार होणारा प्रॉम्प्टर जगात मी एकटाच असेन.

नाट्यगृहात लावायच्या दगडावरचा मजकूरही माझ्याकडूनच लिहून घेतला. समितीचा सचिव घरी आला, चाळिशीचा गडी आहे, बोलायला गोड. म्हणाला, "काका, मालकांना तुमच्याइतकं कोण ओळखतं?" मी लिहून दिलं, 'चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत ज्यांना एकदाही शब्दाची आठवण करून द्यावी लागली नाही.' यात खोटं काही नाही. आठवण खरंच कोणी करून दिली नाही.

आपल्या कंपनीतलं ते बोलणं तुला आठवत असेल. 'मालक चुकत नाहीत, आपण मागे पडतो.' भाऊजींनी मला नोकरीला लावलं त्याच दिवशी हे शिकवलं होतं. म्हणाले, "मालकांनी चार ओळी गाळल्या तर विंगेतून हूं की चूं करायचं नाही. आपण चार ओळी पुढे पळायचं. लाइटवाला पळेल, पडदेवाला पळेल, मीही हातोडा घेऊन पळेन. तू फक्त आम्हाला खूण कर." भाऊजींनी हाताला धरून तिथे नेलं नसतं, तर मी आजही कुठल्यातरी दुकानात कापड मोजत असतो.

तू यायचं म्हणतेस. ताई, येऊ नकोस. बसचे आठ तास, त्यावर तीन तास भाषणं, आणि तुझा खोकला. शिवाय तिथे जुनी माणसं भेटतील, जुने विषय निघतील. त्या स्टेजकडे तू सव्वीस वर्षांत पाहिलेलं नाहीस, आता मुद्दाम कशाला पाहायचं? मीच मानचिन्ह घेऊन तुझ्याकडे येतो, दोन दिवस राहतो. भाचीच्या पोरांना ते खेळायला होईल.

हे एवढंसं पत्र लिहायला मला तीन दिवस लागले. फार वेळ बसलं की पाठ भरून येते, दुसरं काही नाही.

तुझा,
धाकटा


दि. २ मार्च

ती. ताई,
आज खुशाली विचारत नाही. हे पत्र हातात पडेल तेव्हा बसून घे, आणि एकटीच वाच.

तू आलीसच. न कळवता आलीस, पहिल्या रांगेत बसलीस, मला स्टेजवरून तू दिसलीस तेव्हा सचिव माइकपाशी पोचला होता. मला बोलवून मानचिन्ह हातात दिलं. ते बरंच जड होतं. खाली कुठे ठेवावं कळेना, म्हणून मी ते पोटाशी धरून उभा राहिलो, आणि तो मालकांच्या निष्ठेचे किस्से सांगायला लागला.

शेवटचा किस्सा निघाला तो तुझ्यामाझ्या घरचा. "एकदा ऐन प्रयोगात नेपथ्यातला एक सुतार दारूच्या नशेत दरवाजाखाली सापडला. मागे प्रेत पडलंय, पण मालकांनी प्रयोग थांबवला नाही. याला म्हणतात रंगभूमीची निष्ठा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या सुताराची बायको समोर बसली आहे हे त्याला माहीत नव्हतं. मला होतं. तू मान खाली घातलीस, पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिलीस, आणि मी मिठाची गुळणी धरून उभा राहिलो.

एवढ्यावरही मी कदाचित निभावून नेलं असतं. सव्वीस वर्षं नेलंच की. पण नंतर चहाच्या टेबलापाशी तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "माफ कर रे. तुझ्या एवढ्या चांगल्या दिवशी माझ्या नवऱ्यापायी तुला खाली बघावं लागलं." मग म्हणालीस, "माझ्या डोक्यावर हात ठेवून सोडली होती त्यांनी. दोन वर्षं होत आली होती. मग का मोडली असेल रे शपथ?"

मी काय म्हणालो आठवतं? म्हणालो, "चल ताई, बस चुकेल."

आता ऐक.

त्या नाटकाच्या तिसऱ्या अंकात तुरुंगाचा दरवाजा वरून खाली आदळायचा. चांगला चार माणसांच्या वजनाचा होता, भाऊजींनीच बनवलेला. मध्येच पडू नये म्हणून त्याला दोन्ही अंगांनी लोखंडी खुंट्या घातलेल्या असत. मालकांचं लांब स्वगत सुरू झालं, की मागच्या अंधारात भाऊजी जायचे, दोन्ही खुंट्या काढायचे आणि दरवाजाखालूनच वाकून बाहेर यायचे, कारण दुसरी वाट नव्हती. स्वगत होतं दोन पानांचं. भाऊजींचं काम दीड पानात व्हायचं. माझ्या स्टुलाशेजारी एक बटण होतं. ते मी बंद केलं, की वर माळ्यावर दोरवाल्यासमोरचा लाल दिवा विझायचा आणि तो दोर सोडायचा. माळ्यावरून त्याला खालचं काही दिसत नसे. तो माझ्या दिव्यावर चालायचा.

त्या रविवारी दुपारच्या प्रयोगात मालकांनी स्वगताचं पहिलं पान म्हटलं आणि लगेच शेवटची ओळ. मधलं अख्खं पान गेलं. पानं जायला लागून तेव्हा वर्ष होत आलं होतं. आज अर्धं पान, उद्या पाऊण. बाड माझ्या मांडीवर, त्यामुळे किती गेलं हे नेमकं मलाच कळायचं, आणि मी ते कोणाला बोललो नाही. मालकांवर माझी भक्ती होती, ताई. तुला तर माहीत आहे, घरी जेवताना मी त्यांच्या आवाजात भाजी मागायचो.

शेवटची ओळ म्हणून त्यांनी हात वर केला आणि दरवाजा पडायची वाट बघत उभे राहिले.

भाऊजी दुसरी खुंटी ओढून दरवाजाखाली वाकत असणार, हे मला माहीत होतं. हे वाक्य पुन्हा वाच. मला माहीत होतं. फार काही करायचं नव्हतं. दुसऱ्या पानाची पहिली ओळ विंगेतून जरा मोठ्याने म्हणायची, मालक तिथून पुढे सुरू झाले असते. सहा शब्दांची ओळ आहे, अजून पाठ आहे मला. पण थिएटर भरलेलं. पहिल्या पाच रांगांना माझा आवाज गेला असता, आणि मालक अडले ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली असती. त्यांचा हात वर तसाच. एक सेकंद गेला, दोन गेले, चार गेले. कोणीतरी खोकलं. मला वाटलं, भाऊजी चपळ आहेत, त्यांना पळायची सवय आहे, ऐकलं असेल त्यांनी, निघाले असतील. आणि मी बटण बंद केलं.

आवाज रोजच्यासारखाच झाला. टाळ्या रोजच्यापेक्षा जास्त पडल्या. पडदेवाला धावत आला आणि त्याने माझ्या कानात सांगितलं, तेव्हा अजून अकरा पानं शिल्लक होती. ती अकरा पानं मी उलटली. एकही खूण चुकवली नाही.

मालकांना शेवटपर्यंत काही कळलं नाही. मेकअप पुसताना मला म्हणाले, "बिचारा. इतक्या वर्षांत त्याची वेळ कशी चुकली?" ते खरंच विचारत होते. आपलं अख्खं पान गेलं हे त्यांच्या गावीही नव्हतं, आणि त्या वेळी ते सांगणं मला जमलं नाही. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी तेच विचारलं. रोज वेळेवर निघणारा माणूस कालच का निघाला नाही? मी म्हणालो, "त्यांनी घेतली होती."

असं बोल म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं. मालकांनी नाही, कंपनीने नाही. ते वाक्य माझं. भाऊजी पूर्वी प्यायचे हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे पुढचा प्रश्न कोणी विचारला नाही. आणि सख्खा मेहुणाच सांगतोय म्हटल्यावर तपासणी तरी कोण कशाला करेल? पान गेल्याचं सांगितलं असतं तर त्यापाठोपाठ 'मग दिवा कोणी विझवला' हेही आलं असतं. मालकांचं नाव राखलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे माझी पाचावर धारण बसली होती.

मग तू त्यांचा फोटो भिंतीवरून उतरवलास. तो उतरवताना स्टूल मी धरलं होतं. भाचीला तू म्हणालीस, "तुझा बाप शब्द मोडून मेला," तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि मी शेजारच्या खोलीत होतो. पुढे तिचं लग्न ठरताना तिने मुलाला एकच प्रश्न विचारला, पितोस का? सगळे हसले. मीही हसलो.

परवा समितीच्या कचेरीत गेलो. मानचिन्ह टेबलावर ठेवलं, झालेलं सगळं लिहून, सही करून कागद दिला, आणि दगडावरचा मजकूर काढा म्हणालो. सचिवाने कागद दोनदा वाचला. मग उठून दार लावलं.

"काका, दगड कोरून झालाय."

"मग फोडा."

"असं कसं? आणि मालक आता उत्तर द्यायला नाहीत. मेलेल्या माणसावर आरोप करणं तुम्हाला शोभतं का?"

मी म्हटलं, "मेलेल्या माणसावर आरोप मी एकदा केलाय. मला अनुभव आहे."

त्याला राग आला नाही. त्याने मला पाणी दिलं. म्हणाला, पुढच्या वर्षीपासून नेपथ्यातल्या माणसासाठी एक छोटा पुरस्कार ठेवू, तुमच्या भाऊजींच्या नावाने. हा कागद मात्र तुम्ही परत न्या. झाकली मूठ राहू दे, सगळ्यांचाच मान राहील. ताई, खरं सांगतो, मी क्षणभर विचार केला. तुला किती बरं वाटेल, असं मनात आलं. मग वाटलं, ज्या माणसाला मी दारुडा ठरवलं त्याच्या नावाच्या ताटल्या वाटायच्या, आणि तो दारुडा नव्हता एवढं सोडून बाकी सगळं म्हणायचं. उठून आलो. कागद तिथेच ठेवला. दुसरी प्रत पोलीस ठाण्यात दिली. हवालदार म्हणाला, आता याचा काय उपयोग? पण शिक्का मारून दिला. तिसरी पेपरात दिलीय, पण ते छापतील असं वाटत नाही, पितळी अक्षरांचा फोटो त्यांनीच पहिल्या पानावर छापला होता.

चौथी प्रत या पत्रासोबत आहे, ती भाचीची. तिला मी वेगळं लिहीत नाही. काय म्हणून लिहू?

माफी मागायची म्हणून हे लिहीत नाही. ती तू देशील अशी भीती वाटते. तुझा स्वभाव मला माहीत आहे, एक दिवस रडशील आणि मग मला जेवायला बोलावशील. बोलावू नकोस. हे चहाच्या टेबलापाशी तोंडावर सांगायला हवं होतं, तेव्हा तू माझा हात धरला होतास आणि तो सोडवून घ्यायचं मला धैर्य झालं नाही.

तू विचारलंस, शपथ का मोडली असेल. मोडली नव्हती. त्या रविवारी दुपारी प्रयोगाआधी भाऊजी माझ्यासोबत तू दिलेला डबा खात होते. पाणी सोडून त्यांनी दुसऱ्या कशाला तोंड लावलं नाही. हात धुताना मला म्हणाले, "तुझ्या बहिणीला सांग, येत्या गुरुवारी दोन वर्षं पुरी होतात. ती मोजत नसेल, मी मोजतोय."

हा निरोप तुला द्यायचा राहिला होता.

तुझ्या घरी सव्वीस वर्षं जेवलेला,
तुझा भाऊ