पिवळ्या हेल्मेटमधले आजोबा

आजी अर्नाकच्या पायांवर (म्हणजे तू घरात घालून फिरतेस त्या जांभळ्या मोज्यांवर) नातू नामोनाईचं डोकं.

तुझा खोकला कसा आहे? परीक्षा कशा गेल्या? आणि मी तुझ्या फ्रीजमध्ये ठेवून आलो ते सीलचं मांस तुझ्या मैत्रिणीने फेकलं की अजून नाक धरून दार उघडते? इकडे सगळे खुशाल आहेत. आईचा गुडघा तेवढा दुखतो आणि तुझी आठवण काढतो (गुडघाही आणि आईही). तुझा फोन येऊन गेला की ती अर्धा तास ‘माझी आई किती वाळली असेल’ म्हणत बसते. तू माझ्या मामाची वीस वर्षांची पोर, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. पण आजीचं नाव घेऊन जन्मलीस, तेव्हा तू तिची आई आणि माझी आजी, त्याला कोण काय करणार! फोन न करता पत्र लिहितोय, कारण आपल्या दोन खोल्यांत सध्या माझ्याखेरीज नऊ माणसं आहेत. मी फोनवर ‘हॅलो’ म्हटलं की आठ जण गप्प बसून ऐकतात आणि नववं, म्हणजे काकाचं बाळ, रडतं. सरकार दर निवडणुकीला सांगतं की आपला हा उत्तरेचा मुलूख म्हणजे देशाचं भविष्य. असेल. पण भविष्याला झोपायला जागा कुठे आहे?

सुरुवातीलाच एक सांगून टाकतो. मी कोणावरही जळत नाही. गावात कोणी तुला तसं कळवलं असेल तर ते खोटं.

मी जानेवारीत ओटावातलं कॉलेज अर्ध्यावर टाकून गावी आलो तेव्हा तुला सांगितलं होतं की भूमापनाच्या अभ्यासात माझं मन रमत नाही. ते अगदीच खोटं नव्हतं. पण त्या आठवड्यात मी एक फोटो पाहिला होता. आपली उलायुक, पंचायतीतली दुभाषी, स्नोमोबाईलवर बसलेली, हसतेय, आणि पुढे चालवायला पिवळं जाकीट. जाकिटाच्या आत फर्गस. हा लोखंडाच्या खाणकंपनीचा रस्त्याचा इंजिनिअर. खाणीपासून समुद्रापर्यंत रस्ता, समुद्रावर मोठ्या जहाजांचा धक्का, धक्क्यावर नोकऱ्या, हे सगळं गावाला समजावून सांगायला तो आला, आणि समजावताना दुभाषी लागते. पहिल्या महिन्यात त्याचं एक वाक्य झालं की उलायुकचं एक व्हायचं. दुसऱ्या महिन्यात त्याच्या एका वाक्याला तिची तीन व्हायला लागली, आणि मधेच दोघं हसायला लागले. मला सांग, लोखंडाच्या भुकटीत हसण्यासारखं काय असतं?

मी आलो आणि पहिल्याच दिवशी शिकारी संघात जाऊन रस्त्याच्या विरोधात नाव नोंदवलं. वाचून वाचून मला सगळं पाठ झालं: कॅरिबू हरणांच्या माद्या कुठे वितात, धूळ किती उडते, दर वीस मिनिटांनी ट्रक म्हणजे दिवसाला किती. दुकानाच्या दारात उभा राहून मी लोकांना सांगायचो की बाबांनो, पूर्वी लष्कराचे रडारवाले आले तेव्हाही विकासच आणणार होते, मागे राहिली ती गंजकी पिंपं. लोक ऐकायचे, मान डोलवायचे, आणि कंपनीच्या फुकट तळलेल्या कोंबडीच्या रांगेत जाऊन उभे राहायचे. (मीही राहिलो, एकदाच. शत्रूचं बळ कळायला हवं.) उलायुकने मला तिथेच गाठलं. माझ्या हातात तंगडी होती. म्हणाली, ‘नामोनाई, तू नक्की रस्त्याच्या विरोधात आहेस की फर्गसच्या?’ मी म्हणालो, दोन्ही एकच. ती म्हणाली, ‘रस्ता तरी सरळ आहे.’

आता खरा घाव ऐक. फेब्रुवारीत आपली भट्टी बंद पडली. दुरुस्तीवाला माणूस दक्षिणेकडून विमानाने यायचा, त्याला तीन आठवडे. कोणाला तरी (उलायुकला) कळलं आणि फर्गस पाना घेऊन हजर. तासाभरात घर गरम. आईने चहा दिला तर त्याने बशीत ओतून फुंकून प्यायला, थेट आजोबांसारखा. आईने लगेच त्याचा कप पुन्हा भरला. त्याच रात्री तिला स्वप्न पडलं. तिचे वडील दारातून आत आले, डोक्यावर कंपनीचं पिवळं हेल्मेट, आणि म्हणाले, तहान लागलीय. मेलेलं माणूस स्वप्नात पाणी मागतं म्हणजे त्याला नाव परत हवं असतं, हे मी तुला काय सांगू, तूही अशाच एका ग्लासभर पाण्याने आलीस. पण तू निदान पाळण्यात होतीस! हा सहा फुटी, दाढीवाला, बर्फावर बदकासारखा चालणारा बाप्या, त्याला आईने सकाळी बोलावून सगळ्यांसमोर पाणी पाजलं आणि कामानिक म्हणून हाक मारली. आपल्या आजोबांचं नाव!

त्या दिवसापासून माझं घर माझं राहिलं नाही. माशाचं डोकं आजोबांना. खिडकीजवळची खुर्ची आजोबांना. बारकी पोरं त्याच्या मांडीवर चढून ‘आजोबा, आमच्यासाठी काय आणलं?’ विचारतात आणि तो खिशातून कंपनीच्या टोप्या काढतो. आई त्याला ‘बाबा, मोजे ओले ठेवू नका’ म्हणते. मी दार आपटून बाहेर निघालो तर म्हणाली, ‘आजोबांच्या देखत दार आपटतोस?’ आणि उलायुक कोपऱ्यात बसून हे सगळं त्याला इंग्रजीत सांगत होती, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत.

मग गेल्या मंगळवारी शाळेच्या व्यायामशाळेत जनसुनावणी झाली. मंत्रालयाचे तीन लोक, कंपनीचे पाच, बाकी अख्खं गाव. काचेच्या खोक्यात भाषांतर करायला उलायुक, कानाला यंत्र लावून. मी रात्रभर जागून भाषण लिहिलं होतं. त्यात फर्गससाठी अकरा विशेषणं होती, एकही आईसमोर उच्चारण्यासारखं नव्हतं. माझं नाव पुकारलं, मी उठलो, बोट रोखलं आणि म्हणालो, ‘अरे फर्गस, तू...’ तेवढ्यात मागून आईचा आवाज: ‘आजोबांना अरेतुरे करतोस?’ सगळी व्यायामशाळा हसली. मंत्रालयाच्या बाईंनी कानातलं यंत्र झटकून पाहिलं, त्यांना वाटलं बिघडलं.

आजी, मी उभा होतो आणि माझी अकराच्या अकरा विशेषणं वितळून गेली. बोट खाली आलं. तोंडातून भलतंच बाहेर पडलं. म्हणालो, ‘आजोबा, मी सात वर्षांचा असताना तुम्ही मला नदीच्या उतारावर नेलं होतं. कळपातल्या पहिल्या माद्या पाणी ओलांडेपर्यंत खोकायचंसुद्धा नाही, असं सांगितलं होतं. मला खोकला आला तर तुम्ही माझं तोंड तुमच्या पारक्यात, त्या फरच्या जाड कोटात, दाबून धरलं. तुमच्या नकाशावरचा रस्ता त्याच उतारावरून जातो. आजोबा, तुम्ही तिथून ट्रक कसे नेता?’

कोणी हसलं नाही. उलायुकचा आवाज यंत्रातून जरा उशिरा आला, आणि ‘पारक्यात’ या शब्दाशी थांबला. फर्गसचे कान लाल झाले. नकाशावरच्या उतारावर बोट ठेवून तो म्हणाला, ‘मला आठवत नाही.’ तर पहिल्या रांगेतली म्हातारी तिकितुक उठून त्याच्या पाठीवर थापटून म्हणाली, ‘मेलास तेव्हा म्हातारा झाला होतास बाबा, विसरायचंच.’ हे सगळं इतिवृत्तात लिहिलं गेलंय. दक्षिणेतल्या कचेरीत कोणीतरी ते वाचून राजीनामा देईल.

मी जिंकलो, असं गाव म्हणतं. पण सुनावणी संपल्यावर उलायुक खोक्यातून बाहेर आली ती माझ्याकडे नाही, त्याच्याकडे गेली. दोघं नकाशावर डोकं घालून तासभर बोलत होते. मला काय त्याचं? मी विसरलोही तिला. बाकी सगळं ठीक. तब्येतीला जप.

तुझा नातू,
नामोनाई

ता. क. : आजी, एक लहानसं काम आहे. आजोबा हे तुझे कोण? तुझा नवरा. लग्नाचा नवरा परगावी एका दुभाषीबरोबर हसत बसलाय आणि तू ओटावात अभ्यास करतेस, हे बरं दिसतं का? शुक्रवारच्या विमानाने ये, भर गावात त्याचा हात धर आणि घेऊन जा. आई वेशीपर्यंत गाणी म्हणत येईल. उंच आहे, भट्टी दुरुस्त करतो, चहा कसा पितो ते वर लिहिलंच आहे. स्वभावाने वाईट नाही (हे लिहिताना माझे दात आवळलेले आहेत).

ता. क. दुसरा : वादळामुळे चार दिवस विमानच नाही, म्हणून पत्र इथेच पडून राहिलं. येऊ नकोस. फर्गसने अहवालात लिहिलं की तो उतार सोडून रस्ता वळवावा, आणि कंपनीने त्यालाच वळवलं, परत दक्षिणेला. निघायची तयारी करता करता त्याने काल काय करावं? उलायुकच्या आईकडे गेला आणि आजोबा या नात्याने माझ्यासाठी मागणी घातली! तिच्या आईने त्याला कॅरिबूची जीभ वाढली, मानाचा घास. मला त्या घरात आजवर खूरसुद्धा मिळालेलं नाही. उलायुक मात्र मला बाहेर घेऊन गेली आणि म्हणाली की तो नकाशा आपल्यापैकी कोणी काढला असता तर उतार आधीच चुकवला असता, आणि अर्ध्यात सोडून पळणाऱ्याला तो काढता येत नाही. आधी अभ्यास पुरा कर, मग जिभेचं बघू. मी विचारलं, आणि फर्गस? ती म्हणाली, ‘गाढवा, मी त्याच्याशी दोन महिने नदीबद्दलच भांडत होते.’ (मग हसत का होती?)

ता. क. तिसरा : तर आजी, खरी विनंती ही. माझी जागा कॉलेजात अजून आहे का ते विचारायला माझ्याबरोबर चल, आणि तुझ्या खोलीत जमिनीवर अंथरूण घाल. एक खरंही सांगून टाकतो, म्हणजे तिथे आल्यावर डोळ्यांत बघता येईल: डिसेंबरमध्ये त्या रस्त्यावर ट्रक चालवायला मीच अर्ज केला होता. हे पत्र आता टपालात टाकण्यात अर्थ नाही, मीच आणून देतो. उद्याचं विमान. फर्गसही त्याच विमानाने आहे आणि दोन जागा शेजारीशेजारी उरल्या होत्या. उलायुक धावपट्टीवर येणार आहे, हात हलवणार आहे म्हणते. आईने मला आत्ताच बजावलंय की खिडकीची जागा आजोबांना द्यायची.