पक्क्या पाण्याचे बारा फिल्टर

२२ ऑगस्ट २०२५

पर्युषण चालू, आणि सरांनी नेमकी आजची तारीख काढली! "फाल्गुनी, फिल्टर बसवून ये. सणवार बघून जंतू थांबतात का?" राजेंद्र सर माझे पीएचडीचे गाइड. स्वतः तोरणमाळचा घाट चढत नाहीत, त्यांना गाडी लागते.

पाड्यावर बारा घरं, बारा फिल्टर. मातीचे, आतून चांदीचे नॅनोकण लावलेले. एक कण म्हणजे केसाच्या जाडीचा चार हजारावा भाग — हे रेवाबाईला समजवायला गेले. तिनं माझ्याकडे इतक्या दयेनं पाहिलं! मग म्हणाली, पाणी पी. म्हटलं, व्रत आहे, पक्कंच चालतं. पक्कं म्हणजे? म्हटलं, उकळलेलं. झालं! चूल पेटवली, पाणी उकळलं, मग ते निवेपर्यंत मला बसवून ठेवलं. खाली जीपमध्ये ईश्वर हॉर्न बडवतोय.

निघताना सगळ्यांना बजावलं, आता झिऱ्यावर जाऊ नका. अर्धा तास उतरायचं, वाळूत खणलेल्या त्या खड्ड्यातून वाटीवाटीनं हंडा भरायचा, परत चढायचं — कशाला? दाराशी नाला वाहतोय. त्याचं ओता, बाकी फिल्टर बघून घेईल. सगळ्या हो म्हणाल्या.

२४ सप्टेंबर

परवा आणलेल्या नमुन्यांच्या बाराही प्लेटा कोऱ्या. एकही जंतू नाही! रेवाबाईनं तिच्या फिल्टरचं पाणी मलाही लोटाभर दिलं होतं. पर्युषण संपलं, आता कसलंही चालतं, हे तिला सांगायचं राहूनच गेलं.

१६ ऑक्टोबर

पुन्हा बारा शून्यं. सरांनी विभागात पेढे वाटले.

पण तेरावा फिल्टर! तो लॅबमध्ये आहे. कॅन भरून आणलेलं त्याच नाल्याचं पाणी मी रोज त्यात ओततेय. तीन आठवडे ठीक होता, आता जंतू सरळ पार होतात. चांदी धुऊन चाललीय. सरांना दाखवलं. "तू भांडं नीट धुतलं नसशील." अर्थात! चूक माझीच असणार. विचारलं, सर, ती चांदी जाते कुठे, पोरांच्या पोटात? म्हणे, ते 'पुढील संशोधनाची दिशा' मध्ये टाक.

घरून, खापरहून पप्पांचा फोन, भावाचं कौतुक. "अरिहंतनं दुसरं दुकान टाकलं. तू अजून किती वर्षं पाणीच गाळणार?"

१ नोव्हेंबर

सरांनी कार्यशाळा ठरवली. 'नॅनोतंत्रज्ञान: नवी झेप आणि संशोधकाची जबाबदारी'. बोलणार सर, स्लाइड करणार मी. कर्करोगाच्या गाठीपर्यंत औषध नेणारे कण, पिकाला हळूहळू खत सोडणारे कण, आणि मग आमची बारा शून्यं. तेराव्या फिल्टरची स्लाइड सरांनी काढून टाकली. तिच्या पुढचीच स्लाइड: 'नकोसा निकाल लपवू नका'. आता बोला!

१५ नोव्हेंबर

सोमवारी नमुने आणायचे होते, पाड्यावर तसं कळवलंही होतं. ईश्वर म्हणतो, "म्याडम, सोमवारले गाडी लगनमा शे. जानं व्हई ते उद्याच चाला." यांची लग्नं आणि माझा प्रबंध!

१६ नोव्हेंबर



एक दिवस आधी पोचले. रेवाबाईच्या अंगणात मोठं पातेलं चुलीवर, पाणी खळाखळा उकळतंय. शेजारी निवलेलं पाणी तिची सून फिल्टरमध्ये ओततेय. हे काय? रेवाबाई म्हणाली, "तू उद्या येणार होती ना! तू पक्कंच पिते. मग तपासायला कच्चं कसं देऊ?" बाराही घरांत हेच. तिनंच सगळ्यांना सांगून ठेवलंय, म्याडमचं पाणी पक्कं पाहिजे.

रोज उकळता? "रोज कुठे. तू येते तेव्हाच."

म्हणजे शून्यं पातेल्याची! चांदीची नाहीतच. आणि बाकीचे दिवस? सोनम, रेवाबाईची नात, चार वर्षांची, तिथेच लोटा घेऊन खेळत होती. तीन महिने नाल्याचं पाणी, माझ्या शब्दावर! ओरडलेच मी. फिल्टर बंद, आजपासून उकळूनच प्या. रेवाबाई हो म्हणाली. ती सगळ्यालाच हो म्हणते.

मग नाल्याचं पाणी स्वतः आणून, स्वतः ओतून नमुने घेतले.

१९ नोव्हेंबर

बारांपैकी अकरा प्लेटा जंतूंनी खच्चून भरल्या. मोजता येईनात.

सरांनी एकेक प्लेट उजेडात धरून पाहिली. मग म्हणाले, "एक म्हातारी आणि एक पातेलं. तेवढ्यासाठी चार वर्षं नाल्यात टाकणार?" आणि हळूच, "कुणाला कळणार आहे?"

मला कळलंय ना! तोंडावर म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. हो सर म्हणून बाहेर आले. मीही रेवाबाईच.

२८ नोव्हेंबर

बोलले. कार्यशाळेत शून्यांची स्लाइड आली तेव्हा उठून, माइक घेऊन, पातेल्यापासून सगळं सांगितलं. हॉलमध्ये कुणीतरी हसलं. सर चहा न घेता निघून गेले. प्रबंधाचं आता देव जाणे.

मला काळजी त्याची नाही. सोनमला काही झालं असलं तर?

३० नोव्हेंबर

फिल्टर परत घ्यायला वर गेले. रेवाबाईचा मुलगा वाहरू दारात होता, त्याच्यापुढे हात जोडले. म्हटलं, चुकले, पोरांना तीन महिने घाण पाणी पाजलं. तो हसायलाच लागला. रेवाबाई आतून म्हणाली, "नाल्यात ढोरं बसतात. ते पोरांना कोण देईल? आम्ही झिऱ्याचंच पितो. फिल्टरमध्ये तू सांगितलं म्हणून रोज नाल्याचं ओतत होतो, ते कोंबड्यांना; पक्कं तेवढं तुला."

मग दर वेळी हो का म्हणालात?

"एवढा घाट चढून येते. नाही कसं म्हणायचं?"

रेवाबाई पातेलं चढवायला उठली. मी नको म्हटलं, आणि झिऱ्याचं प्यायले. कच्चंच.